किलोशीला हात लावायचा नाही
लाकूड तासण्यात माझा हात धरणारा आमच्या गावात कोणी नाही. म्हणजे दुसरं कोणी लाकूड तासतच नाही.

गावाची राखण करणारा न्किशी, म्हणजे भारलेली लाकडी मूर्ती, आमचा किलोशी, मीच घडवला. चौकोनी हनुवटी, पोटावर ठेवलेले दोन हात. चार महिने घाम गाळला. पण गावात कुणालाही विचारा, किलोशी कुणाचा? सगळे सांगतील, एपामाचा. एपामा आमचा न्गांगा, गावाचा वैदू आणि मांत्रिक. त्यानं एका सकाळी मूर्तीच्या पोटात आणि टाळूत औषधं ठासली, डोक्यावर शिंग खोचलं, आणि झाला धनी.

"मामा, हनुवटी तरी माझी म्हना," मी एकदा काकुळतीनं म्हणालो.

"तू लाकूड आनलंस, मुलेंडा. लाकूड चुलीतबी जातं."

औषध भरल्यापासून किलोशीला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा. न्यायचं झालं तर त्याच्या बगलेत ताडाच्या दोरीनं दोन लांब काठ्या बांधायच्या आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं. उजवीकडे लुबाम्बा, डावीकडे मी. लुबाम्बा ताडमाड, मी त्याच्या काखेत मावणारा. त्यामुळे किलोशी कायम माझ्याकडे कललेला. मी सांगत सुटायचो, लेकराला बापाची ओढ असायचीच.

खरं लेकरू मात्र घरात टिकत नव्हतं. माझ्या बायकोची, न्सोम्पोची, तीन बाळं दिवस भरायच्या आत गेली. चौथ्या खेपेला सातवा लागला तेव्हा एपामा म्हणाला, "नवा चंद्र दिसला की दुसऱ्या सकाळी किलोशीला तुझ्या घराभवती फिरवायचा. भुईला टेकला तर फेरी मोडली. तगलं तर पोराचं नाव किलोशी."

चंद्र दिसला त्या संध्याकाळी न्सोम्पो म्हणाली, "आवं, मागच्या वाटंवरला ताडफळांचा ढीग तेवढा उचला की."

"ह्ये हात कोरीव कामाचं हायेत," मी म्हणालो.

सकाळी सारा गाव जमला. मी कमरेला ठेवणीतलं रानमांजराचं कातडं बांधलं, आणि कोण कोण बघतंय ते बघत ऐटीत निघालो. घरामागं वळलो आणि पाय पडला तो नेमका ताडफळांवर. मी उताणा. वरून किलोशी.

हात आपोआप वर गेले. त्या लाकडाचा कोपरा न कोपरा त्यांच्या ओळखीचा. कसे मागे ओढले ते मलाच ठाऊक. हनुवटी नाकावर बसली, शिंगानं कपाळ फोडलं.

"हात!" एपामा ओरडला. "हात कुठं हायेत तुजं?"

"ढुंगनाखाली, मामा!"

कुणी हसलं नाही. न्सोम्पो घराच्या कोपऱ्याशी उभी होती, दोन्ही हात पोटावर, थेट किलोशीसारखी. एपामा गुडघ्यावर आला, गाल भुईला लावून त्यानं माझ्या दोन्ही कुशींखालून बघून घेतलं. लई वेळ लावला.

"भुईला लागला न्हाई," तो शेवटी म्हणाला. "ह्याच्यावरच हाये. उचला."

माझी काठी दुसऱ्या एका उंच गड्यानं घेतली. किलोशी पहिल्यांदाच सरळ चालला आणि फेरी पुरी करून आला. मी अजून तिथंच पडलेला.

"झोपलासा व्हय?" न्सोम्पो मला म्हणाली. "उठा, आता तरी त्यो ढीग उचला."

उचलला.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. धडधाकट, रडायला खमकी. तिचं नाव किलोशी. एपामाला बोकड गेला, मूर्तीला कोंबडी आणि तेल. मी न्सोम्पोला विचारलं, "आन माजं काय?"

"तुमी गादी झाला की," ती म्हणाली.

या किलोशीला हात लावायला कुणाची बंदी नाही. लुबाम्बाकडे ती घोरते, एपामाच्या मांडीवर मुतून हसते. मी उचललं की मात्र किंचाळते. न्सोम्पोचं म्हणणं, तासून तासून माझ्या हातांना घट्टे पडलेत, ते तिला टोचतात. म्हणून हल्ली मी रोज जेवण झालं की तळव्यांना ताडाचं तेल चोळत बसतो.