बाहीवरचं लेबल

मित्रांनो, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

आज सकाळी नागपुरात इंटरव्ह्यू होता. काम लिफ्ट दुरुस्तीचं, आणि मेसेजमध्ये लिहिलेलं, "सूट घालूनच यावे." लिफ्ट दुरुस्त करायला सूट! तरी बाबा काल भिवापूरहून माझ्यासोबत आले आणि सीताबर्डीतून सूट घेऊन दिला. बाहीवर कंपनीचं लेबल शिवलेलं होतं. काढू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे ना गा. चांगल्या कंपनीचा हाय, दिसू दे त्याईले."

मी राहू दिलं. मी तरी आयुष्यात सूट कधी घातला होता?

आत तिघं बसले होते. मधल्या साहेबांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. माझी बाही धरून बाकीच्या दोघांना दाखवली. "हे काढायचं असतं, एवढंही कळत नाही? कस्टमरकडे कसं पाठवायचं तुला?"

तिघंही हसले.

पाच वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम केलंय मी. मोटर, ब्रेक, दोर, कशावर एक प्रश्न नाही! अहो, चूक दिसली तर हळूच सांगा ना. माणसाचा असा तमाशा करता?

बाबा खाली गेटवर उन्हात उभे होते. मला पाहताच पुढे आले. "लेबल पाह्यलं का गा त्याईनं?"

"पाहिलं बाबा. तिघांनीही."

केवढे खूश झाले!

लेबल अजून बाहीवरच आहे. आता तुम्हीच सांगा, बाबांसमोर ते उसवू कसं?