आम्ही आणि कोळशाचे पिलर

रोज दोन ओळी लिहायची मला सवय. कामाचं लिहायला बसलो की समासात किस्सेच साचतात!

दुष्काळात नांदेड-लातूरकडचे आम्ही पाच जण एका कोळसा खाणीत लागलो. मी हिमायतनगरचा. आमच्या आधी गेलेले शिरूर अनंतपाळचे सोनबामामा पाळीचे सरदार, म्हणजे आमचे मुकादम. कोळसा काढताना मधे कोळशाचेच पिलर सोडायचे. वरचं छत त्यांच्यावर. पिलर टिकला तर आम्ही टिकलो!

*

पहिल्याच दिवशी माझ्या गावचा केरबा म्हणाला, "मामा, एवढा जाड पिलर कशाला? निम्मा काढू की!"

मामांनी त्या काटकुळ्याला वरखाली पाहिलं. "उंच अन् बारीक असला तर तुझ्यावानी शिंकेला हलंल!"

*

एका पिलरच्या बुडाशी पाणी झिरपायचं. गावी हंड्यासाठी कोसभर चाललेले आम्ही! नदीच्या वाळूत खोदतात तसा केरबानं आणि मी तिथं झरा खोदला. वाटीनं डबा भरून राहिलो होतो, तेवढ्यात मामा आले.

"अरे, पाण्यानं बूड आधीच मऊ झालंय, त्यात पोखरून राहिले? छत डोक्यावर घ्यायचंय का?"

खड्डा बुजवला, लाकडाचे ठोकळे रचून आधार दिला. सगळं झाल्यावर केरबा हळूच म्हणाला, "मामा, भरलेलं तेवढं पिऊ का?"

*

जुन्या पिलरच्या कडा हवेनं ठिसूळ होऊन सुटतात, पिलर बारीक होत जातो. मी टेपनं मोजून लिहीत असे. एकदा असंच मोजून वर आलो, तर उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाल्याची बातमी.

मामा म्हणाले, "खाली उतरलो तवा उस्मानाबादचा, वर आलो तर लातूरचा! जिल्हा सरकला तर सरकू दे. पिलर सरकू नये!"

*

मग नवे साहेब आले. आमच्या डोक्यावरचं छत पेलणारा मोठा पिलर दोन हात तासा, तेवढाच कोळसा जास्त, म्हणाले. मी वही दाखवली: आत चीर आहे, दर महिन्याला रुंदावतेय.

"माझा हिशोब बरोबर आहे," साहेब म्हणाले.

मामा म्हणाले, "बरं साहेब. आमची रीत हाय, तासायच्या आधी पिलरला पाठ लावून जेवायचं. आज तुम्ही बसा."

साहेब बसले. दोन घास झाले असतील, पाठीमागे कट् कट् वाजलं आणि वरणात कोळशाची भुकटी पडली.

"मी इथं जेवतोय अन् तुम्ही तासायला लागलात?" साहेब ओरडले.

मामांनी बत्ती फिरवली. सगळे टिकाव समोर जमिनीवर, आम्ही पाचही जण हात बांधून उभे.

"न्हाई साहेब. तुम्ही निवांत जेवा. पहिला घाव त्याच्यानंतर!"