कोब्यातली भेग

माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला, हे आधीच सांगून टाकते. त्यात मी शाळेत शास्त्र शिकवायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला काही कळतं यावर माझा फारसा विश्वास नसे. सोलापुरात नव्या वस्तीत आम्ही छोटं घर बांधलं, तेव्हा फाटकापासून दारापर्यंत जायच्या वाटेवर सिमेंटचा कोबा घातला होता. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात तो कोबा तडकला. फाटकापाशी सुरू झालेली भेग वाकडीतिकडी होत कडुनिंबाखाली, वाटेच्या मधोमध येऊन थांबली. काळी माती वाळली की आक्रसते आणि वरचं सिमेंट फाटतं, असं नवऱ्याला समजावून मी विषय मिटवला.

आमच्या चार वर्षांच्या लेकीला मात्र ती भेग फार आवडली. सकाळी ती कडुनिंबाचा मोहोर वेचून भेगेवर मांडायची. थोड्या वेळानं एकेक फूल हलायचं, सरकायचं आणि आत जायचं. वाऱ्याचा मागमूस नसायचा. "ती जेवली," लेक सांगायची. दुपारी उलटं व्हायचं. भेगेतून गार हवा वर यायची आणि तिला ओल्या मातीचा वास असायचा. गावातल्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या, आमचा माठसुद्धा अर्धा रिकामा, आणि कोब्याखालून ओलीचा वास. मी तेव्हाच विचार करायला हवा होता. लेक त्या गारव्याला गाल टेकून तासन् तास पडून राहायची.

एका दुपारी तिला उठवायला गेले, तर ती भेगेला तोंड लावून कुजबुजत होती.

"कुणाशी बोलतेस गं?"

"ती विचारतेय, तुझी आई कुठं आहे."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि ओढत घरात आणलं. अंगावर काटा आला होता, म्हणून धपाटा जरा जोरातच बसला. त्याच संध्याकाळी गवंड्याला निरोप धाडला.

गवंडी मंद्रूपकडचा, पिकल्या मिशांचा. स्वतःशी पुटपुटायचा तेव्हा कानडीत. त्यानं छिन्नीनं भेग रुंद केली, झाडून काढली, पाणी मारलं आणि पातळ सिमेंट ओतायला लागला. एक घमेलं गेलं, दुसरं गेलं. भेग भरेना. तिसऱ्या घमेल्यानंतर त्यानं हात थांबवला, हातोड्याच्या दांड्यानं कोबा ठोकत ठोकत फाटकापासून आला आणि कडुनिंबाखाली थबकला. तिथला आवाज वेगळा होता. त्यानं जमिनीला कान लावला.

"बाई, हितं आड हाय. कुणीतरी वर फरशा टाकून माती लोटलीया. आडाचं तोंड असं झाकत न्हाईत. तळापासनं बुजवायचा, अन् त्येला श्वास घ्याया नळा ठेवायचा. कोबा फोडाया लागंल."

परमिटसाठी खेटे घालून मिळालेलं सिमेंट डोळ्यांदेखत जमिनीनं गिळलेलं, आणि वर हे आडाचे श्वास! माझं टाळकं सणकलं. "मला शिकवू नका. भेग बुजवा म्हटलं तर भेग बुजवा."

त्यानं घमेलं पुन्हा पुढं ओढलं. "तुमी म्हणतासा तर बुजवतो की. पर पोरीला हितं येऊ देऊ नका."

त्यानं भेगेत खडी ठासली, वाळू-सिमेंटचा घट्ट माल भरला, वर ओलं पोतं पसरलं आणि घराशेजारच्या हौदापाशी भाकरी सोडून बसला. लेक मधल्या खोलीत झोपली होती. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. जिरवली एकदाची, असं मनात म्हटल्याचंही आठवतं.

धडाम वगैरे काही झालं नाही. कुणी मोठा घोट घ्यावा तसा आवाज आला, इतकंच. मी धावले. मधल्या खोलीतलं अंथरूण रिकामं होतं. बाहेर वाटेच्या मधोमध दाराएवढं काळं भोक पडलेलं, पोतं आत गेलेलं. मी काठाशी पोचले आणि ओरडले, "चिमे!"

खालून उत्तर आलं. "आई." अगदी स्पष्ट, घाबरलेलं नव्हे, वाट पाहत असल्यासारखं.

गवंडी भाकरीवरून उठून पळत आला. हौदाचा दोर त्यानं कडुनिंबाला आवळला आणि "आलो गं माजे बाय" म्हणत तो थेट आत उतरला. मला वरून फक्त दोरावरची त्याच्या हातांची पकड दिसत होती, मग तीही दिसेना.

तो वर आला तेव्हा कमरेपर्यंत चिखलानं माखला होता. मी लेकीला छातीशी धरून उभी होते. कोबा खचला तेव्हा ती परसात मोरीवर गेली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग आडाकडे. "हाक म्या बी ऐकली," एवढंच म्हणाला.

पुढचे चार दिवस त्यानं आड मुरूम-दगडांनी तळापासून बुजवला, नळा ठेवला. सुरुवातीला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा कापूर मी लावला.

त्या हाकेचा उलगडा मी पुढं केला. लेक माझ्या पाठीमागून "आई" म्हणाली आणि आडानं तिचा आवाज परतवला. प्रतिध्वनीचा धडा मी दरवर्षी शिकवायची, असं होऊ शकतं. गवंड्याला सांगितलं, तर तो "असंल की" म्हणाला.

पण त्या क्षणी मला हे ठाऊक नव्हतं. माझी लेक आडात आहे आणि मला हाक मारतेय, एवढंच मला ठाऊक होतं. परका माणूस दोरावरून आत उतरत होता आणि मी मागं सरले. एक नाही, तीन पावलं. तिसरं पाऊल कशावर तरी पडलं, म्हणून मी वळले. ते तिचं पाऊल होतं. मला आडापासून मागं सरताना तिनं पाहिलं होतं, आणि ती रडली नाही.