हवेचा पंप आणि वाळ्याची ताटी

मला लिहिण्याचा सराव नाही. चौथीपर्यंत शाळा, मग हातात पाना. पण बायको वारल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, आणि येणारा-जाणारा एकच विचारतो, कसं चाललंय. कसं चालणार? चालत नाही. म्हणून तिची एक गोष्ट लिहितो. त्यात पंप फार येईल. त्याला इलाज नाही, त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पंपच फार शिरला होता.

मी तेव्हा नागपुरात एका पावरहाऊसमध्ये फिटर होतो. कोळसा जाळायचा, वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं. काम झालेली वाफ कंडेन्सर नावाच्या मोठ्या लोखंडी पिंपात जायची. पिंपात पितळी नळ्या, नळ्यांतून तलावाचं पाणी. वाफ त्यांना लागली की तिचं पाणी व्हायचं. पिंपात घुसलेली हवा ओढून काढायला बाजूला हवेचा पंप. हवा निघाली की पिंप आतून रितं राहतं आणि चक्र हलकं फिरतं. हवा राहिली की चक्र जड, कोळसा जास्त, आणि फिटरच्या नावानं शिमगा. आत हवा किती ते भिंतीवरच्या काचेच्या नळीतला पारा सांगायचा. पारा वर असला तर ठीक.

त्या वैशाखात पारा वर येईना.

नेमका तेव्हाच मौद्याहून निरोप आला की माझ्या सासूनं अंथरूण धरलंय, पोरीला पाठवा. बायकोनं त्याच संध्याकाळी गाठोडं बांधलं. मी साहेबाकडे रजा मागायला गेलो. साहेब मुंबईकडून नवा आलेला, वयानं लहान, माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतं.

"पारा चढल्याशिवाय एकही फिटर हलणार नाही," तो म्हणाला. "पंप नीट कर आणि जा."

घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "मंग करा ना नीट. किती येळ लागते?"

"एखाद दिवस."

ती गाठोड्याला टेकून बसली.

पंपात खोट आहे की पिंपात, हे ओळखायची एक साधी रीत आहे. दोघांच्या मधला व्हॉल्व बंद करायचा आणि पंपाला एकट्यालाच ओढू द्यायचं. त्यानं जोरात ओढलं तर पंप निरोगी, हवा पिंपात कुठून तरी घुसते. नाही ओढलं तर पंप आजारी. आम्ही व्हॉल्व बंद केला. पंपानं ओढलं, पण अर्धवट. आता यातून काय समजायचं? तो व्हॉल्वच जुना, नीट बसत नव्हता. अर्धवट ओढ पंपाची की व्हॉल्वच्या फटीची, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. व्हॉल्व बदलायचा तर नवा मागवा, कलकत्त्याहून येणार, येईल तेव्हा येईल.

मग राहिली मेणबत्ती. यंत्र चालू ठेवून पेटती मेणबत्ती एकेका जोडापाशी धरायची. जिथं फट असेल तिथं हवा आत ओढली जाते, ज्योत तिकडे वाकते. आमचे मिस्त्री जुने, यंत्रांमध्येच म्हातारे झालेले. त्यांनी मेणबत्ती पंपाच्या वरच्या झाकणापाशी नेली आणि ज्योत झाकणाकडे वाकली. सगळ्यांनी पाहिली.

"हे पहा साहेब," मिस्त्री म्हणाले. "चोर सापडला."

पंप बंद केला, झाकण उघडलं, फट बुजवायची जुनी सुतळी खरवडली, जवसाच्या तेलात शेंदूर कालवून नवी सुतळी भरली, बोल्ट आवळले. चालू केला. पारा तिथल्या तिथं. मेणबत्ती धरली, ज्योत झाकणाकडेच.

"तुनं बोल्ट ढिले ठेवले काय गा?" मिस्त्री मला म्हणाले.

"तुमीच आवळा मंग," मी म्हणालो.

त्यांनी आवळले. एक बोल्ट तुटला. पुन्हा उघडा.

घरी गेलो की बायको आधी माझे हात पाहायची. हात लालभडक. "मशिनीले लावता का मारुतीले?" ती म्हणायची. "मारुतीले लावला असता तं पावला तरी असता." दुसऱ्या वेळी हसली, तिसऱ्या वेळी नाही. मौद्याहून पुन्हा माणूस आला. म्हणाला, म्हातारी पोरीचं नाव घेऊन राहिली. मी पुन्हा साहेबाकडे. त्यानं मान वर न करता विचारलं, "पारा?" मी परत फिरलो.

पंप आम्ही किती वेळा उघडला ते आठवत नाही. आतला दट्ट्या काढला, झडपांचे पडदे बदलले, झाकण घासून सपाट केलं. साहेब एकदा म्हणाला, उन्हानं तलावाचं पाणी तापलंय, त्याचाही दोष असेल. मिस्त्री म्हणाले, "दरसालच तापते साहेब. नागपूर आहे हे." तेही खरं. आणि ज्योत तर समोर वाकत होती. डोळ्यांनी दिसतंय ते खोटं कसं म्हणावं?

बायकोनं शेवटी एका सकाळी गाठोडं उचललं. "तुमचा पंप सुदरन तवा सुदरन," ती म्हणाली. "माही माय थांबाची नाही. मी चालली."

"एकटी?"

"शेजारची मावशी भंडाऱ्याच्या मोटारीनं जाऊन राहिली. तिच्यासंग जाईन न मौद्याले उतरीन." दारातून वळून म्हणाली, "भाकरी टोपल्यात हाय. हात धुऊन खा, शेंदूर पोटात नोका घालू."

मी कामावर गेलो. राग कोणावर काढावा कळेना, म्हणून पंपावर काढला.

आता ताटीचं सांगतो. एरवी उन्हाळ्यात यंत्रघराचं पश्चिमेचं दार लू, म्हणजे उन्हाळी झळ, आत येऊ नये म्हणून बंद असायचं. आत माणूस भाजून निघायचा, पण दार बंद. त्या साली साहेबाला गरमी सोसवेना म्हणून त्यानं दार उघडून तिथं वाळ्याची ताटी लावून घेतली होती. एक बाई दिवसभर तिच्यावर पाणी मारायची. गार वास यायचा, सगळे खूश. आमच्याकडे ताटी लावली म्हणजे दार लागलंच, असं धरून चालतात. लू बाहेर राहिली, संपलं. हे आम्ही इतकं धरून होतो की ताटी हवा अडवत नाही, तिच्यातून हवा येते म्हणूनच गार वाटतं, हे साऱ्या यंत्रघरात एकाच्याही ध्यानात आलं नाही. पंप त्या दाराच्या अगदी समोर. मेणबत्ती आम्ही दाराकडच्या अंगानंच धरायचो, कारण पलीकडे भिंत, हात जात नव्हता. दारातून येणारी झुळूक ज्योतीला ढकलायची पंपाकडे, आणि आम्ही म्हणायचो पंप ओढतो.

बायको मौद्याला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी मारणारी बाई भाच्याच्या लग्नाला गेली. ताटी दुपारपर्यंत वाळून कडक झाली, तिच्यातून धूळ येऊ लागली. साहेबानं वैतागून ती काढवली आणि दार लावून घेतलं. आम्ही पुन्हा मेणबत्ती पेटवली. ज्योत सरळ उभी.

"सुदरला," मिस्त्री म्हणाले.

मी पाऱ्याकडे पाहिलं. जिथल्या तिथं.

साहेबानं बंद दाराकडे पाहिलं, मग उतरवलेल्या ताटीकडे, मग चष्मा काढून पुसत राहिला. मिस्त्री खाली बसले. मी हसलो नाही. मला कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं, पण फोडायचं कोणाचं? सगळ्यांची डोकी त्यात होती, माझंही.

दार बंद ठेवून मग पिंपाभोवती मेणबत्ती फिरवली. पिंपाच्या पोटाखाली, जिथं वाकून जावं लागतं आणि गरम पाणी ठिबकतं म्हणून कोणी जात नाही, तिथं जुन्या नळाचं एक निकामी तोंड झाकण लावून बंद केलेलं होतं. तिथं ज्योत वाकली नाही, आत ओढली जाऊन विझलीच. झाकणाची सुतळी कुजली होती. बदलायला चिलीम ओढण्याइतका वेळ लागला. पारा सरसर वर गेला.

साहेब म्हणाला, "जा आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मौद्याला पोचलो तेव्हा सासूला मसणात नेऊन एक दिवस झाला होता. अंगणात माणसं बसलेली. बायको ओसरीवर होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरं झालं मी थांबली नाही." तिनं टोमणा मारला नव्हता, होतं ते सांगितलं. मायची आणि तिची एक रात्र आणि अर्धा दिवस भेट झाली, बोलणं झालं, तिच्या हातचं पाणी म्हातारीनं घेतलं.

सुतकामुळे घरात चूल पेटली नव्हती. शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भाकर तिनं मला वाढलं आणि हळूच विचारलं, "काय होतं मंग पंपाले?"

मी सांगितलं. पंपाला काहीच नव्हतं, ताटीची हवा होती.

तिनं पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. तिचा भाऊ अंगणातून डोळे वटारून पाहू लागला, कारण हे हसणं आहे हे त्याला कळलं. मलाही कळत होतं. मग कळेनासं झालं, कारण खांदे थांबेनात आणि पदर भिजत चालला. मी घास खाली ठेवला आणि तिच्याजवळ सरकून बसलो. सगळ्यांसमोर नवऱ्यानं असं बसायची रीत नव्हती, पण तिनं सरका म्हटलं नाही.