बारा पन्नासची नोंद

अंधेरी पश्चिमेला, स्टेशनपासून बसच्या तीन थांब्यांवर, एका ट्रस्टचे रुग्णालय होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत मी तिथे फार्मासिस्ट होतो. वर्तमानपत्रात नंतर गेलो. तिथे शिकवले की वेळ आधी लिहावी, मत नंतर, आणि जमल्यास मत लिहूच नये. खालच्या मजकुरातल्या वेळा बरोबर आहेत. त्या तेव्हाच वहीत नोंदलेल्या होत्या.

वॉर्डांतून खाली येणारे औषधांचे कागद तपासणे हे माझे काम. डोस जास्त आहे का, दोन औषधे एकमेकांना मारक आहेत का, एकच औषध दोनदा लिहिले गेले आहे का. शंका आली की लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि वॉर्डात फोन लावायचा. पुस्तके हाताशी होती, पण उघडावी लागत नसत. डॉक्टर मंडळी परिचारिकांना ‘खाली विचारा’ म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात मीच असे. मला हे आवडत होते.

तिथे माझ्याबरोबर आणखी एक फार्मासिस्ट होती, माझ्याच वर्गातली. मढच्या कोळीवाड्यातली. रोज सकाळी तरीने खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरायची आणि तिथून बसने यायची. डिप्लोमाला मी वर्गात दुसरा आलो होतो, ती मधे कुठेतरी. आम्ही एकाच आठवड्यात कामाला लागलो. चार वर्षे ती खिडकीवर औषधे देत होती आणि मी आत कागद तपासत होतो. ही वाटणी कुणी ठरवलेली नव्हती, त्यामुळे ती बदलेल असे मला वाटले नव्हते.

मग रुग्णालयात संगणक आला. विश्वस्तांच्या ओळखीच्या एका इंजिनियरने त्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. कागदावरची औषधे टाइप केली की यंत्र ती आपल्या यादीशी ताडून पाही आणि शंका असेल तर ती, नसेल तर ‘नो ऑब्जेक्शन’, अशी चिठ्ठी छापून देई. टाइप करणारे माणूस हवे होते. तिने पार्ल्याच्या एका क्लासमध्ये टायपिंगची परीक्षा दिली होती, मी दिली नव्हती. निवड एवढ्यावरच झाली. मी मात्र कितीतरी दिवस त्यामागे आणखी काहीतरी शोधत राहिलो.

संगणकासाठी चादरींची जुनी खोली रिकामी करून तिथे एअरकंडिशनर बसवला. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या, अशी पाटी दारावर लावली. तिच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला दाराशी दिसल्या की ती आत आहे हे कळे. मे महिना होता. आमच्या खोलीतला पंखा गरम वारा फिरवत असे, आणि ती आतून शाल पांघरून बाहेर येई. मी त्या शालीकडे बघत असे. चार वर्षांत तिच्याशी एक वाक्य न बोललेले हृदयरोगतज्ज्ञ काचेबाहेर उभे राहून तिला काहीतरी विचारताना मी पाहिले. बूट काढून ते आत गेले. त्यांच्या एका मोज्याला भोक होते. हेही मी लक्षात ठेवले.

अधीक्षकांनी महिनाभर चाचणी ठेवली. प्रत्येक कागद आधी माझ्याकडे यायचा. मी शंका वहीत लिहायची, शेजारी वेळ घालायची आणि काही न बोलता कागद तिच्याकडे पाठवायचा. शनिवारी माझी वही आणि यंत्राच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघायच्या. शंका गंभीर असेल तर मात्र शनिवारची वाट न पाहता वॉर्डात लगेच फोन करायचा. हा नियम लेखी होता आणि त्याखाली माझी सही होती.

यंत्राचा एक दोष आम्हा दोघांनाही पहिल्याच आठवड्यात कळला. यादीत नसलेले नाव ते मुकाट्याने सोडून देई. म्हणून नवे औषध बाजारात आले की कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेले पत्रक तिच्याकडे द्यायचे आणि तिने ते नाव यादीत घालायचे, असे ठरले.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, एक प्रतिनिधी आला. हृदयाचे ठोके आवरणारी जी गोळी आम्ही वर्षानुवर्षे देत होतो, तीच त्याच्या कंपनीने नव्या नावाने काढली होती. ती आत टाइप करत होती. प्रतिनिधीने पत्रक माझ्या हातात दिले. मी ते खणात ठेवले. विसरलो नाही. दिवसातून दोनदा तरी तो खण उघडत होतो.

शुक्रवारी त्या गोळीचा पहिला साठा आला. त्याच दुपारी पुरुषांच्या वॉर्डातून एक कागद खाली आला. रुग्ण बहात्तर वर्षांचा, आरे कॉलनीत गुरांच्या गोठ्यांवर नोकरी करून निवृत्त झालेला. हृदयरोगतज्ज्ञांनी नवी गोळी लिहिली होती, आणि आधीच्या डॉक्टरांनी लिहिलेली जुनी गोळी कुणी खोडली नव्हती. दोन नावे, औषध एकच, डोस दुप्पट. दोनच्या फेरीला परिचारिका ती देणार होती.

मी वहीत लिहिले. वेळ बारा पन्नास. फोन केला नाही. कागद आत पाठवला.

मला यंत्राची चिठ्ठी हवी होती. तिच्यात काय येणार हे मला माहीत होते. पहिल्या डोसाने म्हाताऱ्याला काही होणार नाही, आणि चिठ्ठी दोनच्या आत येईलच, असा माझा हिशेब होता. बहुधा तो बरोबर होता. एक दहाला चिठ्ठी बाहेर आली: नो ऑब्जेक्शन. मी ती दोनदा वाचली, घडी करून वहीत ठेवली, आणि आणखी थोडा वेळ तसाच बसलो. मला आनंद झाला होता.

मग फोन लावला. वॉर्डाची लाइन लागेना. पुन्हा लावला, तरी तेच. मी जिन्याकडे निघालो. वाटेत पाहिले, तर निळ्या पट्ट्यांच्या चपला दाराशी होत्या, म्हणजे ती आतच असणार. दोन मजले मी धावत चढलो. वॉर्डातल्या सिस्टर औषधांच्या ट्रेजवळ उभ्या होत्या. नवी गोळी ट्रेच्या बाहेर, वेगळ्या वाटीत होती.

“तुमच्या मॅडमचा आत्ताच फोन येऊन गेला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कशाला धावत आलात?”

यंत्राने सोडलेली नावे ती एका कागदावर उतरवून ठेवत असे, आणि हे मला माहीत नव्हते. त्या दुपारी हे नाव दिसल्यावर ती अनवाणीच साठ्याच्या खोलीत गेली होती. खोक्यावरची बारीक अक्षरे वाचून तिने तिथूनच वॉर्डात फोन केला होता. लाइन तिच्यामुळेच लागत नव्हती.

शनिवारी अधीक्षकांनी माझी नोंद वाचली, मग यंत्राची चिठ्ठी. यंत्राला दिसले नाही ते माणसाला दिसले, असे ते म्हणाले, आणि मला तसे पत्र देण्याची सूचना त्यांनी कारकुनाला केली. वॉर्डात फोन कुणी केला, हे त्यांनी विचारले नाही. ती समोर बसली होती. ती माझी वही वाचत होती.

बाहेर आल्यावर तिने संगणकाच्या खोलीशी चपला काढल्या आणि दार न उघडता वळली.

“बारा पन्नासला तुला कळलं होतं. माझा फोन एक वीसला गेला. मधला अर्धा तास काय करत होतास रे?”

“चिठ्ठीची वाट बघत होतो.”

“माझ्या?”

“यंत्राच्या.”

“यंत्र काय मढवरून तरीने येतं? आत मीच बसते ना.”

मी खण उघडून पत्रक आणले आणि मंगळवारी आल्याचे सांगितले. तिने ते उभ्याउभ्या पूर्ण वाचले, मागची बाजूसुद्धा. पहिल्या डोसाने काही झाले नसते, असे मी म्हणालो.

“हे वर जाऊन त्या म्हाताऱ्याच्या मुलीला सांग,” ती म्हणाली. “खुर्ची टाकून बसलीय ती तिथं.”

मी वर गेलो नाही. अधीक्षकांकडेही गेलो नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे तीही गेली नाही. ती दार उघडून आत गेली, पण दार तिने लावून घेतले नाही.

“चपला काढ,” आतून आवाज आला. “पत्रक तू दाबलंस, तूच टाइप कर.”

त्या खोलीत मी पहिल्यांदाच गेलो. फरशी गार होती. ती शाल पांघरून मागे उभी राहिली आणि मी एका बोटाने अक्षरे शोधत नवे नाव टाइप केले. त्यापुढे जुन्या गोळीचे मूळ नाव, मग कमाल डोस. शेवटी यंत्राने नोंद करणाऱ्याची आद्याक्षरे मागितली. मी तिची टाकायला गेलो. तिने माझा हात बाजूला केला आणि माझी टाकायला लावली.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत पूर्ण यादी आली. ती खाली सरकू लागली तसे दिसले की प्रत्येक ओळीच्या शेवटी तिची आद्याक्षरे होती, ओळीमागून ओळ, किती ते मोजता आले नाही. माझी शेवटच्या ओळीत होती. तिथे यादी थांबली. ती दिवे मालवायला वळली, आणि तेवढ्यात मी कळ दाबून यादी पुन्हा पहिल्यापासून पाहिली.