पंचवीसकाकांचा तिसरा प्लग

पंचवीसकाकांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जुना डिझेल ट्रक चालू करण्याआधी ते मोठ्याने पंचवीसपर्यंत आकडे म्हणायचे. म्हणून पंचवीस. किल्ली अर्धी फिरवायची आणि इंजिनातले चार हीटर प्लग तापेपर्यंत थांबायचं. समोरचा नारिंगी दिवा केव्हाच गेला होता. प्लग तापले की नाही हे सांगायला आकड्यांशिवाय कुणी नव्हतं.

एकतीस वर्षं ते लोकांची घरं हलवत होते. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं. आरसा कायम दोन गाद्यांच्या मध्ये. कुणाचं कपाट उघडं राहिलं आणि नको ते दिसलं, तर काका आभाळाकडे बघायचे.

त्या पंचवीस आकड्यांत गल्लीची बरीच कामं उरकायची. आठवर आले की काकू विसरलेला डबा घेऊन धावत यायच्या. तेराला समोरचा शिंपी खिडकीतून ओरडायचा, "पांढऱ्या दोऱ्याची रिळं आण रे! मागच्यासारखी पिवळी नकोत!" आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं तर अठराच्या पुढे काकू म्हणायच्या, "जेवायला वेळेवर या." म्हणजे मिटलं. भांडण मोठं असलं तर काका सतरा जरा लांबवायचे.

मुलगी लहानपणी मांडीवर बसून त्यांच्याबरोबर आकडे म्हणायची. शाळेत बाईंनी एकदा तिला शंभरपर्यंत म्हणायला सांगितलं. ती पंचवीसला थांबली.

"पुढे?" बाईंनी विचारलं.

"पुढे सेल्फ मारायचा," ती म्हणाली, आणि तोंडाने इंजिन चालू करून दाखवलं.

बाईंनी काकांना बोलावून घेतलं. काकांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. फाटकाबाहेर आल्यावर पोट धरून हसले.

ती मुलगी नोकरीला लागली. लग्न झालं. मग दुसऱ्या गावी बदली झाली आणि पहिल्यांदाच दोघांचं स्वतंत्र घर झालं. जावई पुढे गेले होते. सामान माहेरी येऊन पडलं होतं.

"टेम्पो ठरवते, बाबा," ती म्हणाली.

काकांना ते लागलं. "गावभर लोकांची घरं मी हलवली. आणि तुझं कोण हलवणार, टेम्पोवाला?"

पण ट्रक म्हातारा झाला होता. पहिला आणि तिसरा प्लग मेला होता. पंचवीसाचे साठ झाले होते. थंडीत पांढरा धूर निघायचा आणि खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. "काका, आता नाव बदला," असं शिंप्याची सून येताजाता म्हणायची. कधीकधी चौघांना धक्का मारायला लागायचा. नव्या गावात, मुलीच्या नव्या शेजाऱ्यांसमोर, ते नको होतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दोन नवे प्लग आणले.

मिस्त्री संध्याकाळी येणार होता. तो काकांचा जुना दोस्त. त्याचा नियम एकच: इंजिन गरम असल्याशिवाय जुन्या प्लगला हात लावायचा नाही. आट्यांत तेल सोडायचं. थोडं पुढे, थोडं मागे. कुरकुर ऐकू आली की थांबायचं. काका हे सगळ्या गावाला शिकवायचे. त्या दुपारी इंजिन थंडगार होतं आणि काकांना दम निघत नव्हता.

पहिला प्लग कुरकुरत निघाला. काकांनी तो पुसून बॉनेटच्या कडेवर ठेवला. तिसरा हलेना. काकांनी जोर लावला. पाना एकदम हलका झाला. आटा सुटला की पाना असाच हलका होतो. क्षणभर त्यांना आनंद झाला. मग हातात अर्धाच प्लग आला.

संध्याकाळी मिस्त्रीने टॉर्च मारून आत पाहिलं.

"थंड होतं?"

काका पाना पुसायला लागले.

"तू? अरे, तू?"

"बोल ना, काय करायचं?"

"इंजिनाचं वरचं हेड उतरवायला लागेल. तीन दिवस धर."

"उद्या सकाळी निघायचंय."

"मग राहू दे तसाच. तुकडा आट्यात घट्ट आहे. उरलेल्या तिघांवर चालू होईल. पण टोक गळून आत पडलं तर इंजिन जागेवर जाईल."

"पडेल का?"

"दहा वर्षं पडणार नाही. नाहीतर उद्या पहिल्याच चढावर पडेल. मी काय सांगू?"

नवा प्लग पहिल्याच्या जागी बसवून मिस्त्री गेला. काकांनी घरात कुणाला काही सांगितलं नाही.

सकाळी काका ट्रकात बसले. किल्ली अर्धी फिरवली. चाळीसला सेल्फ मारला. ट्रक एका झटक्यात चालू झाला. धूर नाही की खोकला नाही. काकू दारात हसल्या. मुलगी पुस्तकांचं खोकं घेऊन आली. "बघा, किती शहाणा झालाय!" ती म्हणाली, आणि खोकं तिने पुढच्या सीटवर ठेवलं. स्वतःच्या जागेच्या शेजारी.

काका इंजिन ऐकत बसले. इंजिन छान चालत होतं. त्यांनी ते बंद केलं.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. "चालू झाला होता ना?"

"चालू झाला म्हणून बंद केला. झाला नसता तर प्रश्नच नव्हता." ते खाली उतरले. "तिसरा प्लग मी तोडला. काल. घाई केली. तुकडा आत आहे. रस्त्यात दगा देईल."

"देईलच असं नाही ना?" मुलगी म्हणाली.

"दुसऱ्या कुणाचं सामान असतं तर नेलं नसतं मी. मग तुझं कसं नेऊ?"

मुलीने पुस्तकांचं खोकं सीटवरून खाली घेतलं. काकांनीच फोन मागितला आणि टेम्पो बोलावला. एकतीस वर्षांत कामाला नाही म्हणायची ही त्यांची पहिलीच वेळ.

टेम्पोवाला जावयाच्याच वयाचा होता. त्याने आरसा उचलला आणि कपाटाला टेकवून ठेवला. काकांनी तो काढून गाद्यांच्या मध्ये सरकवला. मग दोराची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"काका, मी बांधलंय ना!"

"बांधलंस. आता मी बांधतो."

मुलीने त्यांना पुढे बसवलं, स्वतः मधे बसली. शेजारच्या सीटवर बसून लांब जायची काकांना सवय नव्हती. हात कुठे ठेवायचे कळेना. गाव संपलं, चढ संपला, उतार लागला. काकांचा उजवा पाय पुन्हापुन्हा खालच्या पत्र्यावर दाबला जात होता.

टेम्पोवाल्याच्या ते लक्षात आलं. "काका, ब्रेक इकडे आहे."

"माहीत आहे. तू मारत नाहीस म्हणून."

मुलगी खळखळून हसली. टेम्पोवाल्याने वेग थोडा कमी केला.