शपथेतली नोकरी

काळू नदीचा पूल ओलांडल्यावर साईनाथने बूट काढले, लेसची गाठ मारून खांद्यावर टाकले.

"खडी आहे रे. पाय फुटतील," मी म्हटलं.

"देवाच्या कामाला अनवाणी निघतात असं बाबा म्हणायचे. घरनं निघताना विसरलो. आता अर्धं तरी बरोबर होऊ दे."

मग तो अनवाणी आणि मी चपलेत, असे आम्ही सरळगावच्या दिशेनं चालत राहिलो. माघातला रविवार होता. किन्हवलीकडून उजाडताच निघालो होतो. सरळगावच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमच्या घराण्याच्या खंडोबाचं ठाणं आहे, तिथं जायचं होतं. एसटी जाते, रिक्षा मिळते. पण असल्या कामाला आमच्यात गाडीनं जात नाहीत.

साईनाथ माझा धाकटा दीर. वय छत्तीस. ठाणे शहरात बायको-मुलीसह भाड्याच्या घरात राहतो, एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्या एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं. म्हणजे दुसऱ्याच दिवशी. आणि हो म्हणायला त्याचं तोंड बांधलेलं होतं. ते तेरा वर्षांपूर्वी आमच्याच घरात बांधलं गेलं, माझ्यासमोर.

माझे सासरे महिपत तानसा धरणाच्या पाइपलाइनवर अकरा वर्षं हजेरीवर होते. सकाळी जाऊन उभं राहायचं, मुकादमानं नाव घेतलं तर काम, नाहीतर आल्या वाटेनं परत. बाराव्या वर्षी कायम झाले तेव्हा त्यांनी गावभर गूळ वाटला होता. त्यांच्या लेखी माणसं दोनच जातीची, कायम आणि बिगरकायम. माझे मालक जयराम, थोरले. त्यांनी मुरबाडच्या एमआयडीसीतल्या दोन आणि शहापुरातली एक अशा तीन नोकऱ्या साहेबाशी भांडून सोडल्या. सासऱ्यांना ते मनाला लागलं. पुढे साईनाथ शिकून कंपनीत लागला, पत्र आलं, तेव्हा त्यांनी मला परसातून बेल तोडून आणायला सांगितलं. मी आणला. देवघरातल्या खंडोबाच्या टाकावरचा भंडारा आणि तो बेल साईनाथच्या ओंजळीत घालून ते म्हणाले, "बोल. कंपनी काढंल तवा काढंल, मी आपून होऊन सोडणार नाय."

साईनाथ बोलला. तेवीस वर्षांचा होता, हसत हसत बोलला. जयराम दारात उभे होते. ते गाडीची चावी घेऊन बाहेर गेले.

बेलभंडारा उचललेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. मोडला तर काय होतं हे कुणी पाहिलेलं नाही, कारण कुणी मोडत नाही.

"मला एक सांग," मी चालता चालता विचारलं, "पगार तर तुला तिथंही वाढतोच ना दर वर्षी?"

"वाढतो ना. सहा टक्के, सात टक्के. करोनाच्या वर्षी शून्य."

"मग?"

तो शाळेत शिकवल्यासारखं सांगू लागला. कंपनीत पायऱ्या असतात, त्याला लेव्हल म्हणतात. आधी ट्रेनी, मग नुसता इंजिनिअर, मग सीनियर, मग लीड, त्याच्या वर मॅनेजर नाहीतर आर्किटेक्ट. एका पायरीवर उभं राहिलं तर पगार मुंगीच्या पावलानं वाढतो. पायरी चढलं की दहा-पंधरा टक्के. आणि कंपनी बदलली की तीस, चाळीस, कधी त्याहून जास्ती. "खरी वाढ उडी मारणाऱ्याला, वहिनी. बसून राहणाऱ्याला कोण देतो? तो कुठं जाणार नाय हे त्यांना ठाऊक असतं."

"तू कुठल्या पायरीवर?"

"लीड. सहा वर्षं झाली."

दोन हजार बारा साली तो वर्षाला सव्वातीन लाखांवर लागला होता. हातात महिन्याला बावीस हजार यायचे. सासऱ्यांनी तो आकडा सगळ्या गावाला सांगितला. त्यानंतरचा एकही आकडा साईनाथने घरी सांगितला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आहे, भागतं." जयराम भेंडीची पिकअप वाशीच्या मार्केटला नेतात, त्यांच्यासमोर तर तो पगाराचं नावही काढत नसे. त्या दिवशी रस्त्यावर मला पहिल्यांदा कळलं. वर्षाला तेरा लाख. नवी कंपनी सव्वीस देत होती.

मला तेराचंच नीट झेपेना. मी म्हटलं, "तेरा लाख काय कमी आहेत का रे?"

"कमी नायत. त्याचंच तर वाईट आहे. मला रडता पण येत नाय."

मग त्यानं आणखी एक सांगितलं. मागच्या दिवाळीआधी त्याच्या हाताखाली एक मुलगा घ्यायचा होता, आणि मुलाखत साईनाथलाच घ्यायला लावली. मुलाला पाच वर्षांचा अनुभव. कागदावर शेवटच्या रकान्यात त्यानं मागितलेला पगार होता, पंधरा लाख. साईनाथने त्याला तासभर प्रश्न विचारले. मुलगा हुशार होता. साईनाथने खाली लिहिलं, घ्यावा. कंपनीनं घेतला. आता तो मुलगा रोज काम तपासून घ्यायला साईनाथकडे येतो, सर म्हणतो.

"तुला काय वाटलं तेव्हा?"

"काय नाय वाटलं. चहा प्यायलो, दुसऱ्याची मुलाखत घेतली."

रस्त्याकडेला वीटभट्टी लागली. तिथं सावळी दिसली. आमच्या गावच्या कातकरवाडीतली, तिची दोन्ही पोरं माझ्या अंगणवाडीत होती. दरवर्षी दिवाळीनंतर ही माणसं उचल घेऊन भट्टीवर येतात ती पावसाळ्याच्या तोंडावर सुटतात. तिनं आम्हाला तांब्याभर पाणी दिलं, साईनाथच्या पायांकडं पाहिलं.

"कंप्युटरवाल्यांना चपला नाय देत का कंपनी?"

"देते. खांद्यावर घालायला," साईनाथ म्हणाला.

ती हसली. मातीचे हात पदराला पुसत तिनं विचारलं, "तुला रं कसं देतात? आमाला हजार इटांवर असतं. तसं तुला कशावर?"

"महिन्यावर."

"आन तुझ्या शेजारच्याला?"

"ठाऊक नाय."

"एका जागी बसता ना?"

"विचारायचं नसतं. आपला पगार दुसऱ्याला सांगितला तर नोकरी जाते. तसं लिहून घेतात."

सावळीनं माझ्याकडे बघितलं, हा थट्टा करतो की काय म्हणून. मग मागं वळून ओरडली, "ए ठकू, आपला भाव काय गो औंदा?" पलीकडून ठकूनं आकडा सांगितला, भट्टीवरच्या आणखी दोघींनी तोच सांगितला. "बघ. इथं गाढवाला पण ठाऊक हाय," सावळी म्हणाली.

आम्ही तांब्या परत दिला आणि निघालो. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "कंपनीनंच काढलं तर शब्द मोडत नाही ना?"

"तेच बघत होतो ना वर्षभर."

मागच्या वर्षी त्याच्या कंपनीनं पुष्कळ लोक काढले. रोज कुणाचा तरी नंबर लागायचा, लोक रडायचे, कुणाचे घराचे हप्ते, कुणाची पोरं. साईनाथ मात्र वाट बघत होता. एका मंगळवारी त्याला बोलावणं आलं. त्यानं घरून इस्त्रीचा शर्ट घातला, रेश्माला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगून गेला की आज सुटतो. खोलीत दोघं बसले होते. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले की तुमच्यासारखी माणसं कंपनीचा आधार आहेत. काढलेल्या दोघांचं काम त्याच्याकडे दिलं. वर चार टक्के.

"मला काढत नायत, वहिनी. ज्यांचे पगार जास्ती त्यांना काढतात. मी स्वस्त आहे."

हे तो ज्या आवाजात बोलला त्याच आवाजात पुढे म्हणाला की सरळगावला वडापाव खाऊ. मला वाटलं होतं, मनातलं बोलला म्हणजे थोडा हलका होईल. तसं काही दिसलं नाही. आम्ही वडापाव खाल्ला. त्यानं मिरची उचलून कागदावर ठेवली, मग तीही खाल्ली.

याआधी दोनदा अशीच बोलावणी आली होती. दोन्ही वेळा त्यानं नाही कळवलं. पहिल्यांदा सासरे होते. दुसऱ्यांदा ते जाऊन वर्ष झालं होतं, तरी नाहीच. रेश्मा तेव्हा त्याला म्हणाली होती, "शपथ तुमी घेतलीय, मी नाय घेतली. घरभाडं मात्र दोघं मिळून भरतो." या खेपेला तिनं त्याच्याकडे विषय काढला नाही, मला फोन केला. ठेवायच्या आधी एवढंच म्हणाली, "ताई, आता चाळिशी जवळ आली. यापुढं कोण बोलावील असं वाटत नाय." म्हणून मीच साईनाथला म्हटलं होतं की चल, खंडोबाच्या ठाण्यावर जाऊन विचारू. देवापुढं बांधलं ते देवापुढंच सुटेल. माझा देवावर विश्वास आहे. तो कुणाचा घास अडवून बसत असेल असं मला वाटत नाही, पण आपल्या मनानं असं ठरवून चालायलाही भीती वाटते.

ठाण्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गर्दी नव्हती. म्हातारे गुरव पायरीवर लसूण सोलत बसले होते. आम्ही नारळ दिला, साईनाथने भंडारा वाहिला, आणि मी सगळं सांगितलं. पगाराचं नाही सांगितलं, शब्दाचं सांगितलं. गुरवांनी ऐकून घेतलं.

"शब्द कुणी घेतला?"

"वडिलांनी," साईनाथ म्हणाला.

"हायत?"

"नायत. सात वर्षं झाली."

"मग त्यांच्या जागी घरात थोरला कोण?"

साईनाथने माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "यांचे मोठे भाऊ."

"मग एवढं चालत कशाला आलात? शब्द घरातला, तो घरातल्या थोरल्यानं सोडवायचा. भावानं तुमच्या कपाळाला भंडारा लावावा आन म्हणावं, मोकळा हाय. झालं. देवाची आडकाठी नाय." मग लसणाची साल फुंकून ते म्हणाले, "मोकळं करणाऱ्याला कारण मात्र खरं सांगावं लागतं. अर्धं सांगून सुटत नाय."

मी प्रसाद घेतला. साईनाथ गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभा होता, हात जोडलेले होते, पण ओठ हलत नव्हते.

परतताना गाडीनं जायला हरकत नव्हती. फाट्यावर आम्ही रिक्षाची वाट बघत बसलो. त्यानं बूट घातले. टाचेला रक्त आलं होतं, त्यावरच मोजा ओढला. मी म्हटलं, "जयराम नाही म्हणणार नाहीत. तुझ्यावर जीव आहे त्यांचा."

"ठाऊक आहे."

"मग?"

"तो शब्द दादामुळं घेतला होता बाबांनी. दादाला ठाऊक आहे. मी कसं म्हणू त्याला की तुझ्यापायी अडकलोय, सोडव? तो विचारील, तुला कमी काय आहे? मग आकडा सांगावा लागंल. तेरा सांगितलं तरी त्याला लागंल, सव्वीस सांगितलं तरी लागंल. वाशीला रात्रभर गाडी चालवतो तो, वहिनी."

रिक्षा आली, भरलेली होती, थांबली नाही.

"माझ्या तोंडून खरा आकडा निघणार नाय. मला सवय नाय. त्यानं विचारलं तर मी परत 'भागतं' म्हणेन, आन उद्या पाच वाजता नाही कळवून टाकीन."

तो रस्त्याकडे बघत होता.

"दादा गाडी घेऊन निघायच्या आधी तुमी सांगा त्याला. पायऱ्यांचं सांगा, दोन्ही आकडे सांगा, त्या पोराचं पण सांगा. मी ओट्यावर बसलेला असेन. त्याला भंडारा लावायचा असंल तर तुमी मला आत हाक मारा. नसंल लावायचा तर नका मारू, मी समजंन."